ख्रिस्तजन्मकथेंतील प्रक्षेप व पोथीसंशोधकास त्यांचा उपयोग

गेल्या नाताळापूर्वीं नाशिकांतील माझे एक जुने विद्यार्थी एक हस्तलिखित वही घेऊन मजकडे आले. वहींत ख्रिस्तजन्माचें मराठी आख्यान होतें. लेखकाचें नांव नाहीं, शक नाहीं, स्थळ नाहीं. कागद गिरणीचा, लिपि बाळबोध, छंद ओवी. "गुरुजी, एवढें शुद्ध करून द्या, छापावयाचें आहे," अशी त्यांची विनंती होती. शुद्ध करणें म्हणजे काय, तेंही त्यांनीं सांगितलें. आख्यानांत तीन राजे उंटांवर बसून येतात. गोठ्यांत बैल व गाढव आपल्या श्वासानें बाळास ऊब देतात. रात्र पौषांतील कडाक्याच्या थंडीची आहे. आणि धर्मशाळेचा मालक गरोदर मरीयेस दारांतूनच परत लावितो. त्यांच्या मंडळींतील एका वडील गृहस्थांनीं शास्त्र उघडून दाखविलें कीं, यांतील एकही गोष्ट मूळ ग्रंथांत नाहीं. तेव्हां त्या ओव्या गाळाव्या, व एका राजाचें नांव नकलकारानें चुकीचें लिहिलें आहे तें निदान सुधारावें, असें ठरलें होतें.

मीं ती वही शुद्ध केली नाहीं. कां केली नाहीं, तें या लेखांत सांगावयाचें आहे. वडील गृहस्थांचें विधान अक्षरशः खरें आहे. परंतु त्यावरून त्यांनीं काढलेलें अनुमान पोथीसंग्राहकास घातक आहे. मूळ ग्रंथांत नसलेली गोष्ट कथेंत कोठून व केव्हां आली, हें शोधिलें असतां ती गोष्टच पोथीचा ठावठिकाणा सांगूं लागते. प्रक्षेप काढून टाकणारा मनुष्य पुष्कळदां पोथीवरील पत्ताच पुसून टाकितो.

हा विषय नाशिककरांस परका नाहीं. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें येथें वसविली. रे. नारायण वामन टिळक यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात् लक्ष्मीबाई टिळकांनीं पुढें नेलें, व त्याच लक्ष्मीबाईंचा देह १९३६ सालीं नाशिक येथें पडला. त्याहून तीनशें वर्षें मागें गेल्यास गोव्यांत 'ख्रिस्तपुराण' उभें आहे. म्हणजे ही कथा मराठींत सांगितली जाऊं लागून चारशें वर्षें होऊन गेलीं. इतक्या काळांत ती कोणकोणत्या वाटांनीं आली, याचा शोध घेणें हें आपलेंच काम आहे.

१. मूळ साधनें

ख्रिस्ताच्या जन्माचें वर्णन नव्या करारांत चार शुभवर्तमानांपैकीं दोहोंतच आहे: मत्तय व लूक. मार्क, जें बहुतेक अभ्यासक सर्वांत जुनें मानितात, तें ख्रिस्ताच्या प्रौढ वयापासून आरंभ करितें. योहानांत तत्त्वरूपानें अवतार सांगितला आहे, बाळंतपण नाहीं. पौलाचीं पत्रें या सर्वांहून आधींचीं. त्यांत ख्रिस्त स्त्रीपासून जन्मला एवढेंच येतें. मत्तय व लूक हे ग्रंथ ख्रिस्ताच्या मरणानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं सिद्ध झाले, असें सामान्यतः मानितात.

आतां या दोन पाठांची तुलना करूं. मत्तयांत देवदूत योसेफास स्वप्नांत भेटतो; पूर्वेकडून मागी येतात; तारा दिसतो; हेरोद राजा दोन वर्षांचे व त्यांखालील बालक मारवितो; कुटुंब मिसर देशास पळतें; व परत आल्यावर प्रथमच नासरेथास जाऊन राहतें. लूकांत देवदूत मरीयेस प्रत्यक्ष भेटतो, नासरेथांतील जोडपें खानेसुमारीसाठीं बेथलेहेमास जातें, बाळ गव्हाणींत निजतें, मेंढपाळ येतात, आठव्या दिवशीं सुंता होते, पुढें शुद्धीच्या दिवसांनंतर मंदिरांत दोन पक्ष्यांचें, म्हणजे गरिबाचें, अर्पण होतें, आणि मंडळी नासरेथास परत जाते. मत्तयांत मेंढपाळ नाहींत, गव्हाणी नाहीं, खानेसुमारी नाहीं; मागी येतात ते घरांत येतात. लूकांत मागी नाहींत, तारा नाहीं, हेरोदानें केलेला वध नाहीं, मिसर नाहीं. वंशावळीही दोन आहेत: मत्तयाची अब्राहामापासून खालीं येते, लूकाची आदामापर्यंत वर जाते, आणि योसेफाचा पिता एकींत याकोब आहे, तर दुसरींत एली.

यावरून हे एका ग्रंथाचे दोन उतारे नसून दोन स्वतंत्र शाखा आहेत, हें उघड होतें. परंतु ज्या गोष्टी दोहोंत समान आहेत त्यांचें महत्त्व याच कारणानें वाढतें: माता मरीया, योसेफ, पुरुषसंबंधावांचून गर्भधारणा, बेथलेहेमीं जन्म, हेरोदाचा काळ, देवदूतानें सांगितलेलें येशू हें नांव, व नासरेथांतील बालपण. परस्परांस न पाहिलेल्या दोन शाखांत जें मिळतें तें दोहोंहून जुनें, हा आपला नेहमींचा नियम येथेंही लागू पडतो. तें जुनें म्हणून खरें ठरतें असें नव्हे; जुनें ठरतें एवढेंच. गर्भधारणेचा चमत्कार तर श्रद्धेचा विषय आहे, व पाठचिकित्सेच्या ताजव्यांत तो तोलतां येत नाहीं.

चित्रांत मेंढपाळ व राजे एकाच गोठ्यांत एकाच रात्रीं उभे दिसतात. तो देखावा कोणत्याही मूळ पोथींत नाहीं. दोन शाखांच्या मिश्रणानें तो जन्मला. असें मिश्रण फार पूर्वींपासून होत आलें. दुसऱ्या शतकांत तातियन नामक सीरियन लेखकानें चारही शुभवर्तमानें गुंफून एक सलग ग्रंथ केला होता. पुराणिकास एकच कथा सांगावयाची असते. दोन पाठ समोर ठेवून तो कीर्तन करीत नाहीं.

२. मिश्रणानंतर पडलेली भर

प्रथम राजे घेऊं. मत्तयांत 'मागी' हा शब्द आहे. मग हा मूळचा इराणांतील पुरोहितवर्ग, पुढें ज्योतिषी व मांत्रिक यांसही तो शब्द लागला. ते राजे होते असें मत्तय म्हणत नाहीं, व त्यांची संख्याही देत नाहीं. सोनें, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून तीन माणसें कल्पिलीं गेलीं. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन हा तीन संख्या गृहीत धरितो. रोम येथील भूमिगत दफनस्थानांच्या भिंतींवर कोठें दोन, कोठें चार मागी रंगविलेले आहेत, आणि सीरियन परंपरेंत बारा मोजितात. राजेपण बहात्तराव्या स्तोत्रावरून आलें, उंट यशया भविष्यवाद्याच्या साठाव्या अध्यायांतून आले. नांवें सुमारें सहाव्या शतकापासून आढळतात. राव्हेन्ना येथील एका प्रसिद्ध मंदिरांत तीं रंगीत खड्यांच्या चित्रावर लिहिलीं आहेत. नाणेंसंग्राहकांस एक गोष्ट विशेष वाटेल. या तिघांपैकीं 'गास्पार' हें नांव वायव्य हिंदुस्थानांतील पार्थियन राजा गोंडोफर्निस याच्या नांवाचा अपभ्रंश असावा, असें कांहीं विद्वानांनीं सुचविलें आहे. हा राजा काल्पनिक नाहीं. त्याचीं नाणीं सांपडतात, व तख्त-इ-बाही येथील शिलालेखांत त्याच्या राज्याचें सव्विसावें वर्ष नोंदिलें आहे. 'गास्पार' त्याचाच अपभ्रंश हें सिद्ध झालेलें नाहीं. पण नांवें कशीं प्रवास करितात याचा हा चांगला मासला आहे.

बैल व गाढव यांचें मूळ अधिक मनोरंजक आहे, कारण तें एका पाठभेदांत आहे. बैल आपल्या धन्यास व गाढव आपल्या गोठ्यास ओळखतें, अशा अर्थाचें वचन यशयाच्या पहिल्या अध्यायांत आहे. त्याच्या जोडीस हबक्कूक भविष्यवाद्याचें एक वचन आलें. मूळ इब्रींत त्याचा अर्थ 'वर्षांच्या मध्यें' असा आहे. जुन्या ग्रीक भाषांतरांत मात्र 'दोन प्राण्यांच्या मध्यें' असा झाला. इब्री लेखनांत पूर्वीं स्वरचिन्हें नसत. 'वर्षें' व 'दोन' हे दोन्ही शब्द त्याच व्यंजनांनीं लिहिले जात, आणि पुढील शब्दांतही अशीच गफलत झाली. मोडी वाचणाऱ्यास याचें नवल वाटणार नाहीं. ज्या लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं तींत 'दिन' व 'दीन' एकसारखेच दिसतात, व वाचणारा प्रसंग पाहून अर्थ लावितो. येथें ग्रीक भाषांतरकारानें लाविलेल्या अर्थांतून दोन जनावरें निघालीं, व चौथ्या शतकांतील दगडी शवपेट्यांवर तीं बाळाच्या गव्हाणीपाशीं येऊन उभीं राहिलीं. पुढें मत्तयाच्या नांवावर रचलेल्या एका उत्तरकालीन लॅटिन ग्रंथानें त्यांस कथेंतही पक्कें स्थान दिलें.

आतां धर्मशाळा. प्रचलित मराठी शास्त्रांत 'उतारशाळा' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा'. हाच शब्द लूकांत पुन्हां येतो तो ख्रिस्ताच्या शेवटल्या भोजनाच्या प्रसंगीं, व तेथें तो घरांतील पाहुण्यांच्या खोलीस लाविलेला आहे. उलट, दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्तांत जेथें खरोखरच भाड्यानें उतरण्याची जागा अभिप्रेत आहे, तेथें लूकानेंच 'पांदोखेइओन' हा निराळा शब्द योजिला आहे. म्हणून बेथलेहेमांतही 'पाहुण्यांच्या खोलींत जागा नव्हती' एवढाच अर्थ घ्यावा, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. त्या देशांतील साध्या घरांत रात्रीं जनावरें आंतच बांधीत, व माणसांच्या बैठकीलगत गव्हाणी असे. आपल्याकडेही ज्यानें जुनें शेतकऱ्याचें घर पाहिलें आहे, एकाच आढ्याखालीं एकीकडे माणसें व दुसरीकडे बैल, त्यास हें चित्र समजावून सांगावयास नको. हा अर्थ खरा असल्यास मरीयेस कोणी दारांतून हांकलून लाविलें नाहीं. नातलगांनीं भरलेल्या घरांत बाळासाठीं जी मोकळी जागा उरली ती गव्हाणीची. मालक तर कोणत्याच अर्थीं मूळांत नाहीं. गुहेची परंपराही जुनी आहे. दुसऱ्या शतकांतील जस्टिन हा तिचा उल्लेख करितो, आणि बेथलेहेमांतील गुहेवर चौथ्या शतकांत मंदिर उभें राहिलें.

३. तिथि, शक व तारा

जन्माची तिथि, मास किंवा ऋतु दोहोंपैकीं एकाही शुभवर्तमानांत नाहीं. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट त्या वेळीं प्रचलित असलेल्या निरनिराळ्या तिथि नोंदितो. त्यांत एप्रिल व मे महिन्यांतील आहेत. २५ डिसेंबर प्रथम निःसंशय आढळतो तो रोम येथील ३५४ सालच्या एका पंचांगग्रंथांत; त्यांतील संबंधित यादी ३३६ सालची असल्याचें मानितात. सूर्याच्या उत्सवावरून ही तिथि घेतली असें पुष्कळदां ठासून सांगण्यांत येतें. परंतु त्या दिवशींच्या सूर्योत्सवाचा स्पष्ट लेखी पुरावाही त्याच ग्रंथांत मिळतो, त्यामुळें आधीं कोणतें हें त्यावरून ठरत नाहीं. दुसरें मत असें कीं, २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस धरून पुढें नऊ महिने मोजले. पूर्वेकडील मंडळ्या मूळांत ६ जानेवारी पाळीत, व आर्मेनियन मंडळी आजही पाळते. रशियांत तोच उत्सव ७ जानेवारीस येतो तो जुन्या पंचांगाच्या तेरा दिवसांच्या अंतरामुळें. उत्तरायणाचा आरंभ व मकरसंक्रांति यांची आपल्याकडे कशी फारकत झाली, हें जाणणाऱ्यास अशा अंतराचें आश्चर्य वाटूं नये.

वर्षाचा प्रश्न अधिक बिकट आहे. इसवी सनाची गणना डायोनिसियस एक्सिगुअस या साधूनें ५२५ सालीं ईस्टरच्या कोष्टकांसाठीं मांडिली. परंतु हेरोद राजा इसवी सनापूर्वीं ४ थ्या वर्षीं वारला, असें योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या आधारें बहुतेक संशोधक मानितात. मग ख्रिस्ताचा जन्म इसवी सनाच्या आधींच चार ते सहा वर्षें ठेवावा लागतो. उलट लूकानें सांगितलेली क्विरिनियसची खानेसुमारी योसेफस इसवी सन ६ मध्यें ठेवितो. एकाच ग्रंथांत हेरोदाचा काळ व ही खानेसुमारी एकत्र आल्यानें सुमारें दहा वर्षांचें अंतर पडतें. पूर्वीं आणखी एक खानेसुमारी झाली असावी, किंवा वाक्याचा अन्वय निराळा लावावा, असे उपाय पुष्कळांनीं सुचविले. त्यांपैकीं एकही सर्वमान्य झाला नाहीं. हेरोदाच्या क्रौर्याच्या कथा देणारा योसेफस बालकांच्या वधाविषयीं मात्र गप्प आहे. लहानशा गांवांत मुलें थोडीं असतील म्हणून तो गप्प राहिला असेल. पण हें मौन लक्षांत ठेविलें पाहिजे.

ताऱ्याविषयीं केप्लरनें सतराव्या शतकाच्या आरंभीं गणित करून दाखविलें कीं, इसवी सनापूर्वीं ७ व्या वर्षीं गुरु व शनि यांची मीन राशींत तीन वेळां युति झाली होती. सिंहस्थाच्या नगरींत राहणाऱ्या आम्हां लोकांस गुरूच्या राश्यंतराचें महत्त्व सांगावयास नको, म्हणून हें मत ऐकतांच पटल्यासारखें होतें. तरीही मत्तयाचा तारा पुढें चालतो व एका घरावर येऊन थांबतो. कोणताही ग्रह तसें करीत नाहीं. युतीचें गणित बरोबर असलें तरी ती युति म्हणजेच तो तारा, हें त्या गणितानें सिद्ध होत नाहीं.

४. ही कथा मराठींत कशी आली

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला येशुसंघीय पाद्री १५७९ सालीं गोव्यास उतरला, व साष्टी प्रांतांत आयुष्य घालवून १६१९ सालीं वारला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें; १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो केवळ हस्तलिखितांच्या आधारें. १९०७ सालीं मंगळूर येथें सालदान्हा यांनीं तो रोमन लिपींतच छापिला. त्या आवृत्तीप्रमाणें पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर व ४,१८१ ओव्या, दुसऱ्यांत ५९ अवस्वर व ६,७८१ ओव्या, एकूण १०,९६२. ख्रिस्ताचें चरित्र दुसऱ्या पुराणांत आहे. पुढें लंडन येथील मार्सडन संग्रहांतील देवनागरी प्रत जस्टिन ॲबट यांनीं उजेडांत आणिली. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज व लॅटिन शब्द आहेत तेथें या प्रतींत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. कोणता पाठ आधींचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुणें येथून देवनागरी आवृत्ति काढिली.

ही झाली रोमन कॅथॉलिक वाट. तिच्यावरून लॅटिन शास्त्राबरोबर मध्ययुगीन परंपराही आल्या. गोव्यांत बारदेश तालुक्यांत मांडवीच्या तीरावरील मंदिर १५५५ सालचें आहे, व त्याचें नांव 'रेइश मागुश', म्हणजे मागी राजे. मत्तयाचा शब्द व परंपरेनें त्यास दिलेलें राज्य, दोन्ही या एका ग्रामनामांत गोठून राहिलीं आहेत. साष्टींत कांसावलीच्या बाजूस ६ जानेवारीस तीन मुलगे राजवेष करून घोड्यावर बसून टेंकडीवरील देवळास जातात. हाच पोर्तुगीज संस्कार उत्तरेस वसईवरही झाला. ती १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती.

दुसरी वाट प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची. बंगालमधील श्रीरामपूर येथें १८११ सालीं नवा करार मराठींत छापला गेला, व १८२६ सालीं मुंबईंत अमेरिकन मिशननें आपलें भाषांतर छापिलें. या वाटेवर मूळ ग्रीक ग्रंथ पायाभूत होता व परंपरेविषयीं संशय होता. म्हणून तेथें राजे नसून 'मागी' आहेत. बैल व गाढव नाहींत. शरणपूरचें ख्रिस्ती जीवन याच वाटेवर उभें राहिलें.

यावरून संग्राहकास कांहीं खुणा मिळतात. अज्ञातकर्तृक मराठी आख्यानांत 'मागी' शब्द असून संख्या नसेल, तर तें छापील नव्या करारानंतरचें असण्याचा संभव अधिक. बैल, गाढव व नामधारी राजे असतील, तर कॅथॉलिक परंपरेकडे पाहावें. परंतु केवळ 'तीन राजे' एवढ्यावर विसंबूं नये. इंग्रजी भक्तिगीतांच्या द्वारें एकोणिसाव्या शतकांत ते प्रॉटेस्टंट घरांतही आले. नांवाचें रूप हीच खरी खूण होय, कारण नकलकार कथा बदलतो, पण अनोळखी नांव जसें कानावर पडेल तसें लिहितो.

५. आपलें व परक्याचें माप

कोणी म्हणेल, परधर्माच्या कथेची अशी चिरफाड करणें सोपें आहे. म्हणूनच तेंच माप आपल्या पदरींही घातलें पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तींत गणपति व्यासांचा लेखक झाला ही आबालवृद्धांस ठाऊक असलेली कथा मूळ पाठांत राहिली नाहीं, परिशिष्टांत गेली. म्हणून कोणी गणेशपूजन सोडिलें नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीच्या प्रति ताडून पाहिल्या, तें भक्ति कमी झाली म्हणून नव्हे. शिवछत्रपतींचा जन्म बखरींवरून शके १५४९ च्या वैशाखांत धरीत. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया निघाली, व पुष्कळ वादानंतर महाराष्ट्र शासनानेंही तीच मानिली. सुमारें चारशें वर्षांमागील आपल्या राजाच्या जन्मास जेथें दोन शक मिळतात, तेथें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका गरीब घरांतील जन्मास दहा वर्षांचें अंतर पडलें तर त्याचा उपहास करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

साम्यावरून उसनवारी ठरविण्याचा मोहही दोन्हीं बाजूंनीं आवरला पाहिजे. हेरोद व कंस यांचें साम्य पाहून कोणी कृष्णकथा ख्रिस्ताकडून, तर कोणी ख्रिस्तकथा कृष्णाकडून आली म्हणतात. वेबर या जर्मन पंडितानें कृष्णजन्मोत्सवावर ख्रिस्ती छाया पाहिली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनींही आभीरांच्या द्वारें बालदेवाची कथा बाहेरून आली असावी, असा तर्क १९१३ सालीं केला. परंतु कंसवधाचा प्रयोग पतंजलीच्या महाभाष्यांत आहे, व तें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाचें. आमच्याच नाणेघाटांतील लेखांत संकर्षण व वासुदेव यांचीं नांवें ख्रिस्ताच्या आधींचीं कोरलेलीं आहेत. मात्र एवढ्यावरून ख्रिस्तकथा येथून गेली, असेंही सिद्ध होत नाहीं. राजाच्या भयानें लपविलेलें बाळ ही कल्पना कोणा एका देशाची मिरास नव्हे.

६. वहीचा निकाल

आतां त्या वहीकडे वळूं. तिच्यांतील तीन राजांचीं नांवें गास्पार, बालतझार व 'बेलशोर' अशीं होतीं. वडील गृहस्थांस तिसरें नांव नकलकाराचा प्रमाद वाटला. इंग्रजी पुस्तकांत 'मेल्किओर' असतें, तेव्हां 'म' चा 'ब' झाला व पुढचें अक्षर बिघडलें, असें त्यांचें म्हणणें. परंतु पोर्तुगीज भाषेंत हें नांव 'बेल्शिओर' असेंच आहे. म्हणजे जें अशुद्ध म्हणून खोडावयाचें होतें तेंच त्या वहींतील सर्वांत शुद्ध अक्षर. शरणपूरच्या इंग्रजी परंपरेंतून 'बेलशोर' येणें कठीण. तें गोव्याकडून किंवा वसईकडून, कोणा गवयाच्या, आचाऱ्याच्या अथवा आजीच्या तोंडून घाटावर चढलें असलें पाहिजे. अवघड पाठ तोच बहुधा मूळचा, हा नियम येथें डोळ्यांपुढें उभा राहिला. वही किती जुनी हें मीं सांगूं शकत नाहीं. कागद गिरणीचा असल्यानें ही प्रत फार जुनी नसावी. पण प्रत अलीकडची असली तरी तिच्या पोटांतील शब्द अलीकडचा असलाच पाहिजे असें नाहीं.

मीं माझ्या विद्यार्थ्यास सांगितलें कीं, आख्यान जसेंच्या तसें छापा. एकही ओवी गाळूं नका, एकही नांव सुधारूं नका. वडील गृहस्थांचें म्हणणें तळटीपेंत द्या, कारण तेंही सत्य आहे: हें मत्तयांत, हें लूकांत, हें पुढील परंपरेंत. वाचणारा श्रद्धावान् असेल तर त्यास आपल्या श्रद्धेचा आधार कोठें आहे तें कळेल. चिकित्सक असेल तर त्यास पाठाचे थर दिसतील. त्यांनीं तें मान्य केलें. वडील गृहस्थांनीं मात्र प्रथम मान हलविली, व मग विचारलें, "त्या बैलाचें काय?" मीं म्हटलें, बैलही राहूं द्या, तो हबक्कूकाच्या एका वाचनभेदांतून दोन हजार वर्षें चालत आला आहे, त्यास आतां आपण दारांतून घालवूं नये.

आपल्यापैकीं ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील, मग त्या मराठी असोत, कोंकणी असोत, नागरींत असोत वा रोमन लिपींत असोत, त्यांनीं त्यांतील राजांचीं नांवें, जनावरें, तिथि व उतरण्याच्या जागेचा शब्द एवढ्या चार गोष्टी मूळ अक्षरांत उतरवून ठेवाव्या. ख्रिस्तपुराणाच्या तीन छापील आवृत्त्या नाहींशा झाल्या व हातानें केलेल्या नकलाच उरल्या, हें विसरूं नये. त्या नकला करणाऱ्यांनीं आपापल्या समजुतीप्रमाणें ग्रंथ शुद्ध करण्याचें मनावर घेतलें असतें, तर आज आपणांस ताडून पाहावयास कांहींच शिल्लक राहिलें नसतें.